गुडघ्याखाली कान

सप्टेंबरपासून एकोणचाळीस पत्रं पाठवली.
'आदरणीय प्राध्यापक' इथवर सगळी सारखी,
पुढे ज्याच्या त्याच्या मेंदूचा कोपरा:
कुणाचा वास, कुणाची झोप, कुणाची उंदरांमधली भीती.
सहा उत्तरं आली. चार नम्र होती.
उन्हाळी संशोधनाच्या माहितीत मी रोज तळाशी जायचो,
रात्रीतून कुणी ती ओळ बदलली असेल म्हणून:
फक्त नागरिक आणि कायम रहिवासी.

डुलुथमध्ये डिसेंबरात चारलाच दिवे लागतात.
वारा तळ्यावरून येतो. तळंच म्हणायचं त्याला,
पलीकडचा काठ दिसत नसला तरी.
होदान म्हणाली, पत्रं पुरे, दारं ठोठाव.
तिचे वडील टॅक्सी चालवतात,
वीस वर्षं याच बर्फात.

जीवशास्त्राची इमारत मी वरून खाली उतरलो.
तिसरा मजला, कुलूप.
दुसरा, 'पुढच्या वर्षी बघू.'
तळघराच्या जिन्यात पाय थबकला.
बाहेर उणे एकवीस,
आणि खाली
रातकिडे.

डार्लीन व्होगल, काखेत ओटचा डबा.
मी कोण, कशाला आलो, काही नाही.
"नाताळात कुठे जाणार आहेस?"
कुठेच नाही. तिकीट परवडत नाही.
हे वाक्य मी नेहमी मान खाली घालून बोलायचो.
ती म्हणाली, "अरे वा!"

अशी किल्ली मिळाली.
दिवसाआड ओट, ओला कापूस,
मेलेले चिमट्यानं वेचायचे, वहीत आकडा मांडायचा.
खोलीत सव्वीस अंश. मी तिथेच जेवायचो.

सत्तावीस तारखेला प्राध्यापक सालोनेन आल्या,
विसरलेला चष्मा न्यायला.
बुटांवरचा बर्फ वितळेपर्यंत थांबल्या,
सूक्ष्मदर्शकाखाली एक पुढचा पाय ठेवला:
"हा पातळ पडदा दिसतोय? हा कान.
गुडघ्याच्या जरा खाली."

मला हसू फुटलं.
शाळेत कुलथे सर म्हणायचे,
अक्कल गुडघ्यात आहे तुझी.
इंग्रजीत सांगायला गेलो आणि
विनोद वाटेतच गार पडला.
त्या मात्र हसल्या नाहीत.
"गुडघ्यात नेमकी कुठे?"
इतक्या महिन्यांत
मला काही विचारलेलं
हे पहिलंच.
मी खुर्ची मागे सारली,
पँटचा पाय वर दुमडला.

वहीत त्या दिवशी:
जिवंत दोनशे सहा. मेलेले तीन.