कव्हर नसलेलं पुस्तक

गोळीबार चौकातून आत वळलं की दळणाची चक्की,
तिच्या वरच्या मजल्यावर वाचनालय.
खाली पट्टा फिरू लागला की वर कपाटं थरथरत
आणि सगळ्या पुस्तकांना गव्हाचा वास.
डिपॉझिट दहा रुपये.
बाबांच्या एका लुगड्याची मजुरी.

मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर,
मी कूलरसमोर, सोनकुसरे बाईंच्या टेबलाखाली,
वाळ्याचं पाणी मानेवर उडत असताना
ते पुस्तक मांडीवर.

रेल्वेतला कुणी गार्ड रिटायर होऊन गोव्याला जाताना
खोकंभर इंग्रजी पुस्तकं देऊन गेला होता, त्यातलं.
कव्हर नाही, पहिली आठ पानं नाहीत,
म्हणून नावही नाही.
नुसते काळेपांढरे फोटो, सिनेमातल्या राक्षसांचे.
सिनेमे इकडच्या टॉकीजला लागणार नव्हते
आणि इंग्रजी मला येत नव्हतं.
बाईंना विचारलं, हा असा काहून पाहते?
म्हणाल्या, थांब न माय, वाचून सांगतो.

पुढच्या आठवड्यात प्रत्येक फोटोखाली
पेन्सिलीनं बारीक मराठी.
‘हा पुनवेला लांडगा होतो. सकाळी याला काही आठवत नाही.’
‘हा रात्रीच बाहेर पडतो. ऊन सोसत नाही.’
माझा मामा मॉडेल मिलमध्ये तिसऱ्या पाळीला होता,
मला त्यात भिण्यासारखं काही वाटलं नाही.
एकतीस पानावर, तळ्यातून वर आलेला, अंगभर खवले:
‘हा वाईट नाही. लोक ओरडले म्हणून घाबरला आहे.’

कितीतरी दिवस मी शाळेतून येताना
शुक्रवारी तलावाच्या कठड्याशी थांबायची.
हळू आवाजात बोलायची.

बाबांनी पुस्तक एकदाच हातात घेतलं.
पट्ट्यांत गुंडाळलेला माणूस दिव्याजवळ धरून
बराच वेळ पाहिला.
वीण सैल आहे, म्हणाले, चार दिवस टिकणार नाही.
मी सांगितलं, हजारो वर्षं टिकला म्हणे.
‘मंग सूत चांगलं असन.’

तान्ह्या पोळ्याला आमच्या घरच्या निघायच्या,
काळी मारबत, पिवळी मारबत,
मागून कागदाचे, बांबूचे बडगे.
गावाची सगळी रोगराई त्यांच्या माथी मारून
इतवारीभर मिरवायचं आणि जाळून टाकायचं.
त्या वर्षी मी ओरडले नाही.
शेजारचा गुणवंता हेडाऊ म्हणे,
घसा बसला काय वो तुहा?

परवा लेकीनं फोनवर त्यातला एक लावून दिला.
लांडग्याच्या गालावर गोंद दिसत होता,
तळ्यातल्याच्या पाठीला चेन.
ती हसली. मीही.
पण माझे डोळे सारखे खाली जात होते,
पडद्याच्या तळाशी,
जिथे पेन्सिल असायची.

चक्की अजून आहे. वर मोबाईलची कव्हरं विकतात.
बाई गेल्याचं मला दोन वर्षांनी कळलं,
तेही कुणाच्या तरी लग्नात, पंगतीत.
पुस्तक मी परत केलं होतं,
पंचवीस पैसे दंडही भरला होता,
आता ते कुठल्या रद्दीत गेलं कोण सांगणार.

एवढं आठवतं, शेवटच्या पानावरचा फोटो
कुणीतरी ब्लेडनं कापून नेला होता.
त्या चौकोनी भोकाखालीही बाईंनी लिहिलं होतं,
‘याला मीही पाहिलेलं नाही.’