बुजवलेली खिडकी

लुगोच्या डोंगरातल्या घरात, तिसऱ्या दिवशी,
ब्राइसच्या हातोडीला
स्वयंपाकघराची भिंत पोकळ लागली.
अकरा पोती राडारोडा आधीच अंगणात,
तरी आईने पोपडे खरवडले
आणि विटांमागे निघाली खिडकी,
निळ्या चौकटीसकट.

शेवटची वीट काढली तर
पलीकडून एक कोंबडी आमच्याकडे बघत होती.
मग एर्मिंदा आली, हात पिठाने भरलेले.
"तुझ्या बापानेच बुजवली ही, एलादिओ.
अक्रोडाच्या एका फांदीवरून.
मेला, मरेपर्यंत बोलला नाही.
मीही मग खुराडं टेकवलं.
आता ते हलवू कुठे?"

राहू दे, बाबा म्हणाले.

काच अजून बसवलेली नाही.
सकाळी कॉफीत
थोडा खुराड्याचा वास मिसळतो,
आणि अंडी आम्ही
हात घालून घेतो,
विचारून.