वाऱ्याची नळी

पाणी आपली वाट आपण शोधतं, म्हणतात.
म्हणणाऱ्यांनी कधी तळघरात उताणं पडून
फुटाला पाव इंच उतार धरलेला नसावा.

ऑक्टोबर. हँकॉक गाव, मिशिगनचं उत्तर टोक.
खाणकंपनीनं बांधलेलं घर, ज्याची एकही भिंत
लेव्हलच्या बुडबुड्याशी खरं बोलत नाही.
न्हाणीघर वर. सतरा पायऱ्या,
आणि बाबांचा डावा गुडघा.
म्हणून जिन्याखालच्या कोठीत, जिथं बटाटे असायचे,
मी नवी मोरी काढायला घेतली.
दिवसा शाळेची बस चालवते. हे संध्याकाळचं.

जांभळा प्रायमर, मग सोल्युशन, मग पाव वळसा
आणि तीस आकडे होईतो दाबून धरायचं,
रुसलेल्या पोराला धरावं तसं.
दोन इंची नळी, तिच्या पोटात वाकडा सापळा,
सापळ्यात ओंजळभर पाणी,
जे कुठंच जात नाही, गटाराचा वास अडवत
तिथंच बसून राहतं.
जुन्या बिडाच्या पाइपाला रबरी जोड, दोन पट्टे.
पाना आवळला. झालं.

झालं नव्हतं.
बादली ओतली; पाणी गेलं,
आणि जाता जाता मोरीनं असा भुरका मारला
की शेजारच्या लेम्पीकाकू बशीतून कॉफी ओढतात, तसा.
शेवटचा घोट सापळ्यातला.
सकाळी कोठीभर वास.

इन्स्पेक्टर बाई आल्या, मॅर्व्हा ट्रेम्बाथ,
बुटांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवून.
टॉर्च फिरवला. "ही हवा कुठून घेते?"
मी फरशीखालून आडवी नेलेली नळी दाखवली.
त्यांनी मान हलवली, होकाराची नव्हे.
"आधी उभी जाऊ दे. मोरीच्या काठाच्याही वर.
मग वळव हवी तिकडे.
आडवीत साबण बसेल, केस बसतील,
आणि बुजली तरी तुला कळणार नाही."
लाल चिठ्ठी चिकटवून गेल्या.

मी शिवी हासडली, फिनिशमधली,
कारण तिच्यात र मनासारखा घोळवता येतो.
जिन्यावर बाबा बसले होते, पाचव्या पायरीवर.
एकवीस वर्षं जमिनीखाली काढलेला माणूस,
त्याबद्दल घरात चकार शब्द नाही.
म्हणाले, "बरोबर बोलली ती.
आमच्याकडे दोन विहिरी असायच्या.
एक आम्हाला उतरायला.
दुसरी कुणाचीच नाही, वाऱ्याची.
दुसरी बुजली की
पहिलीतून कुणी वर यायचं नाही."
थांबले. मग एक नाव घेतलं, ओइवा,
जे मी कधी ऐकलं नव्हतं,
आणि पुढं काहीच नाही.
गुडघा चोळत राहिले.

मी करवत उचलली.

भिंतीतून वर, माझ्या जुन्या कपाटाच्या पाठीमागून,
जिथं सातवीतली उंचीची खूण अजून आहे,
तिथून माळ्यावर. माळ्यावर दोनाची तीन इंची केली,
कारण जानेवारीत नळीच्या तोंडाशी वाफ गोठते,
थरावर थर, आणि बारीक तोंड
एखाद्या रात्री मुकाट मिटतं.
छपरावर सरोवराकडून आलेला वारा
हातमोज्यांतून आरपार.
नळी हातभर वर काढली, रबरी गळपट्टा घातला,
आणि उगीचच तिच्यात तोंड घालून
"हो" म्हणाले.
खालून बाबा "हो" म्हणाले.

पाणी भरून पंधरा मिनिटं ठेवलं. थेंब नाही.
मॅर्व्हाबाईंनी लाल चिठ्ठी नखानं खरवडून काढली,
हिरवी लावली, आणि बटाटे आता कुठं ठेवता, विचारलं.

पहिला बर्फ पडला त्या शनिवारी
बाबांनी सौनातलं बर्चचं स्टूल आत नेलं.
दार लोटलं. कडी घातली नाही.
हे मी सांगितलेलं नव्हतं.
मी तळघरात उतरून नळीला कान लावला.
पाणी आलं, वळलं, गेलं.
मागं भुरका नाही, घोट नाही.

वर ते बोलत होते कुणाशी तरी,
फिनिशमध्ये, हलक्या आवाजात,
मध्ये थांबून, जणू उत्तर ऐकत.

मी कान काढून घेतला.