अंगठाबहाद्दर

मानखुर्दची आमची शाखा. विलीनीकरणात पाटी बदलली,
जुन्या बँकेचं नाव दुपारच्या उन्हात
नव्या रंगाखालून अजून डोकावतं.
काउंटर तीन माझा.

यल्लूबाई धोत्रे सकाळपासून चौथ्यांदा अंगठा लावतेय.
मशीन तांबडं होतं.
मी म्हणतो, पुसा. ती पदराला पुसते.
मी म्हणतो, जरा दाबून.
ती अशी दाबते की टेबल सरकतं.
दुसरं बोट. तिसरं. आता डावा हात.
दहाही बोटं गुळगुळीत,
ओढ्यातल्या गोट्यांसारखी.

लसूण, ती सांगते.
लल्लूभाई कंपाउंडात, तिच्या बिल्डिंगच्या जिन्यात
चौघीजणी बसतात गोणी फोडून.
पैसे सोललेल्या पाकळ्यांच्या वजनावर,
टरफलं झाडायचे काही नाहीत.
बावीस वर्षं. पहिल्या वर्षी बोटं जळायची,
मग जळायची थांबली.
"तवाच गेल्या असतील रेघा,"
शेजारीण खोली सोडून गेल्यासारखं ती म्हणते.

खात्यात अकरा हजार तीनशे चाळीस.
कार्डाचे कापले, कार्ड पाकिटासकट फणीच्या डब्यात.
मेसेजचे कापले, मेसेज जातात जावयाच्या नंबरावर
आणि जावई गेली तीन वर्षं नालासोपाऱ्यात,
दुसरीकडे.
केवायसी राहिली म्हणून उरलेलं गोठलं.
गोठलं हा शब्द माझा.
"तुपावानी?"
हो म्हटलं.
"मग ऊन कुठं दाखवायचं, सायेब?"

आणि मग तिनं राखून ठेवलेलं काढलं:
"मला सही येती की."
नातीनं शिकवली. खडूनं, रिकाम्या गोणीवर.
त्याआधी याच शाखेत, जुन्या पाटीच्या दिवसांत,
माझ्याच जागेवरच्या कुणीतरी
शाईचं पॅड पुढे सरकवत म्हटलं होतं,
या, अंगठाबहाद्दर.
रांग हसली होती. तीही हसली होती थोडी,
मग तीन महिने रोज रात्री
स्वतःचं नाव गिरवत बसली.

मी तिचा मूळ फॉर्म शोधून काढतो.
कोपऱ्यात निळा अंगठा, ठसठशीत,
एकात एक वळसे, मधे बारीकसा व्रण.
ती बघते. बोट जवळ नेते, लावत नाही.
"हा माझा?"

बोंद्रे साहेब केबिनमधून म्हणतात, सिस्टिम कागद घेत नाही.
कागदावरही चालतं, असं एक परिपत्रक आहे.
ते माझ्याच खणात आहे,
त्यावर माझ्याच कपाचं गोल डाग आहेत.
चौथ्यांदा आली तेव्हा आठवलं मला.
पहिल्यांदा आली तेव्हाही आठवलं असावं.

ती सही करते.
य. थांबते. पेन दुसऱ्या हातानं धरून बघते, परत पहिल्या.
ल्लू शी बराच वेळ झटते,
खालचा उकार फॉर्मच्या चौकटीबाहेर जातो
आणि मला भीती वाटते की बेलापूरला कुणीतरी
तेवढ्यावरून परत पाठवेल.
मागे पाठीवर चौकोनी बॅग घेतलेला पोरगा
घड्याळ बघतो. आजी, ऑनलाइन होतं हे.

सात कामाचे दिवस, मी सांगतो.
"शनवार धरायचा?"
दुसरा नाही धरत, सुट्टी असते.
"आमचा धरत्यात."
पासबुक पिशवीत, पिशवी काखेत, आणि ती गेली.
तिच्या नातीची फी कधी भरायची आहे
ते मी विचारलं नाही.

पोरगा पुढे येतो, अंगठा ठेवतो.
हिरवा दिवा, लगेच.
तो निघता निघता बोट नाकाशी नेतो.
"काका, कसला वास येतोय या मशीनला?"
मी पुढचं टोकन पुकारतो.