उघडा पत्रा

सातपूर कॉलनीत, शेवग्याखाली,
तीन रविवार घासतोय
हेराल्डचा डावा मडगार्ड.

आधी निघाला मरून, माझ्या बारशाच्या वर्षीचा.
त्याखाली दुधी.
मग राखाडी प्रायमर, आणि एकदम
बोटभर जाड पुट्टी,
भाकरीएवढी.

खरवडली. आत खड्डा.
कुणीतरी आतून हातोडीनं उचलत आणलेला,
अर्ध्यावर सोडलेला.

“नाना, हे त्र्यंबक रोडला झालं का?
आई म्हणायची ते?”

नाना स्टुलावर. मास्क गळ्यात.
त्यांनी कागदाची घडी उलटी केली.
“ऐंशी नंबर घे.
पाणी नको लावू आता,
पत्रा उघडाय.
दव पडायच्या आत प्रायमर मारू.”

डोळ्यांना सपाट दिसतं
ते हाताला पटत नाही, हे त्यांनीच शिकवलेलं.
मी पापण्या मिटून तळवा टेकवला,
चाचपडत राहिलो.

शेजारी त्यांचा हात आला,
न शोधता,
नेमका तिथं.