नेम

डिसेंबरचा शेवटचा रविवार. मैदानावर सतरंजी,
लीलो चेवडो, थर्मासातला चहा,
आणि अमीनसाहेबांची वही. प्रत्येकानं एक ओळ लिहायची:
येत्या वर्षात काय साधणार.
वर त्यांनी गुजरातीत घातलंय 'लक्ष्य'.
मी माझ्यापुरता नेम म्हणते.
आईचे नेम असायचे चतुर्थीचे, सोळा सोमवारांचे.
माझा हा पहिलाच, पंचेचाळिसाव्या वर्षी,
तोही तीस मीटरवरचा.

वन्सं विचारतात, दर रविवारी जाऊन काय तीर मारलेस?
चार हजार एकशे बारा, वन्सं. मोजलेत.
ब्लाउजांच्या मापांच्या वहीत, मागच्या पानांवर.
त्यातले एकोणीस हरवले. एक विश्वामित्रीच्या काठी
बाभळीत अडकलाय, आणि खाली मगर ऊन खात पडलेली असते.
तो मी तिला देऊन टाकला.

तर, तीस पौंडांचं धनुष्य घ्यायचं.
दिवाळीच्या शिलाईतले पैसे बाजूला आहेत,
खांदा तेवढा अजून हो म्हणत नाही.
छत्तीस बाणांत अडीचशे गुण. परवा दोनशे एकोणीस झाले.
ऋजुता तेरा वर्षांची, पन्नासावरून तीनशे मारते
आणि मधे मधे मोबाईल बघते.
तिच्यावर जळायचं नाही. निदान रविवारी नाही.
मशीनवर वाकलेली पाठ दोरी ओढताना सरळ होते,
ती तशीच घरापर्यंत न्यायची.
बरं, अकोटा पुलापर्यंत.

उत्तरायण झालं की मैदानातला मांजा वेचायचा, सगळ्यांनी;
गेल्या वर्षी झुबेरचा अंगठा चिरला.
नवरात्रात मैदान गरब्याला जातं,
दहाव्या दिवशी गवतात आभले, टिकल्या, एकदा एक पैंजण.
त्या दिवशी आम्ही बाण सोडून लोकांच्या वस्तू शोधतो.
ऑगस्टात निशाणं झुबेरच्या टेम्पोतून मकरपुऱ्याला हलवायची,
नदीचा काही नेम नाही.
दोऱ्यांना मेण लावणं, मधला उसवलेला दोरा गुंडाळणं माझ्याकडे.
कुणी सोपवलं नाही.
दोरा दिसला की माझे हात आपसूक जातात.

"छोडी द्यो, बेन," अमीनसाहेब ओरडतात, "पकडी ना राखो!"
कळतं हो. पण बावीस वर्षं या बोटांनी
सुईखालचं कापड धरून ठेवलंय, रेसभर सरकू न देता.
म्हणे झाड दिसू नये, फांदी दिसू नये, डोळा तेवढा दिसावा.
मला सगळं दिसतं. झाड, झाडावरचा कटलेला पतंग,
थर्मासचं झाकण कुणीतरी उघडं ठेवलेलं.

आणि शिर्केकाका.
फेब्रुवारीत त्यांच्या दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू काढतील.
तोवर तीस मीटरवर त्यांना सगळे रंग एकाच गोळ्यात दिसतात.
मी मागे उभी राहून घड्याळ सांगते:
निळ्यात, आठ वाजता. लाल, बारा वाजून थोडं पुढे.
ऑक्टोबरात एकदा त्यांचा बाण
अगदी कडेच्या पांढऱ्यात गेला,
आणि मी म्हटलं, "पिवळ्यात, काका."
ते काही बोलले नाहीत. पुढचा बाण दोरीला लावला,
परत काढला.
"मधलं भुसभुशीत झालंय गं," म्हणाले,
"तिथे लागला की आवाज येत नाही.
हा वाजला."

वही फिरत माझ्यापाशी आली. पेन झुबेरचं, गळकं.
लिहिलं: तीस पौंड. अडीचशे. पाठ.
मग खाली, बारीक अक्षरात:
वाजला तर वाजला म्हणायचं.

पुढचा नंबर शिर्केकाकांचा.
वही नाकाला लावून त्यांनी एकदा माझं पान पाहिलं,
मग माझ्यासमोर धरली.
"मला नाही दिसत," म्हणाले. "वाच."