शून्याखाली

उलानगोमची शाळा, सहावी ब.
खिडकीच्या काचेवर आतल्या बाजूनं बर्फ.
मी फळ्यावर लिहिलं:
उणे अठ्ठावीस, उणे चाळीस.
मोठी संख्या कोणती?

‘चाळीस!’ सगळा वर्ग एका सुरात.

गालसान गप्प.
कुरणावरून आलेला, वसतिगृहात राहतो.
त्याच्या प्रगतिपुस्तकात गेल्या वर्षी
कुणीतरी लिहिलंय, ‘गणित कच्चं’.
अक्षर माझंच आहे.

मग मागच्या बाकावरून,
पेन्सिलीच्या टोकाशी बोलावं तसं:
‘बाई, अठ्ठावीसला पाणी आणायला जाता येतं.
चाळीसला आई दार उघडू देत नाही.
चाळीसच्या रात्री आमच्या तीन शेळ्या गेल्या.
म्हणजे चाळीस... खाली आहे. खोल.’

कुणीतरी फिस्सकन हसलं.
मी खडू त्याच्यापुढे धरला.

त्यानं रेघ आडवी नाही, उभी ओढली.
शून्यापाशी एक चूल काढली
आणि खाली खाली जात,
शेवटी उकिडवं बसून
फळ्याच्या पार कडेला
चाळीस लिहिले.
मागची मुलं बाकांवर चढून बघत होती.

‘शाबास’ ओठांवर आलं होतं. गिळलं.
विचारलं, ‘आणि पस्तीस?’
‘तिथे बाबा जातात,’ तो म्हणाला,
‘मी अजून नाही.’

आज अपूर्णांकांत चुकला.
छेदांचीही बेरीज करून मोकळा.
पण वही झाकली नाही.
टेबलाशी आला, बोट ठेवलं:
‘इथपर्यंत बरोबर आहे ना माझं?
मग पुढे काय झालं?’

संध्याकाळी त्याचं प्रगतिपुस्तक काढून बसलेय.
खोडरबर चालत नाही.
शाईनं लिहिलं होतं मी.